बरणीची दृष्ट

मी एका बरणीची दृष्ट काढली आणि ती काढताना मुठीतलं मीठ बरणीत सांडलं.

झालं ते एवढंच. पण माझ्यासारख्या माणसाला एका ओळीची गोष्ट पचत नाही. ही गोष्ट मी गेली आठ वर्षं सांगत आलोय, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, विद्यार्थ्यांसमोर. फक्त सांगताना तिच्यात एक छोटासा बदल करत आलो. तो बदल कोणता, हे सांगायला जीभ जरा जड होतेय. आधी पोंकाबद्दल बोलतो. पोंकाबद्दल बोलायला कुणालाच लाज वाटत नाही.

सुरतेत थंडी पडते असं म्हणतात, पण ते हौसेने. स्वेटर घालून माणूस निघतो आणि उधन्याच्या पुलापर्यंत येईस्तोवर तो हातावर घेतलेला असतो. थंडी आल्याची खरी खूण म्हणजे नदीकाठी लागलेल्या पोंकाच्या टपऱ्या. कोवळ्या ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजायची, कापडात गुंडाळून झोडपायची, की हिरवेगार, धुराचा वास लागलेले दाणे मोकळे होतात. आम्ही खानदेशातली माणसं त्याला हुरडा म्हणतो आणि शेताच्या बांधावर बसून तळहातावर चोळून खातो. इथे तोच हुरडा लिंबू-मिरीच्या शेवेसोबत, साखरेच्या गोळ्या घालून, तोलून मिळतो. माझी आई पहिल्यांदा सुरतेत आली तेव्हा भाव ऐकून म्हणाली होती, "हुरडाले पोंक म्हनं का त्याना भाव वाढस."

यंदाही टपऱ्या लागल्या. परवा मी पावशेर पोंक घेतला. टपरीवाल्याने सवयीने डबी उचलून विचारलं, "मीठुं नाखुं?" मी म्हणालो, "ना." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टरकडून नुकताच वाईट बातमी घेऊन आलोय. गुजरातीत मिठालाही मीठुं म्हणतात आणि गोडालाही मीठुंच. इतकी वर्षं इथे काढली, पण ही भाषा मीठ आणि गोड यांत फरक का करत नाही, ते मला कळलेलं नाही. मला तर फरक फार चांगला कळतो. पोंकाचा हंगाम आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि हात मिठाच्या डबीपासून लांब राहतो, दोन्ही एकदमच.

तर आठ वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात मी इथल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. नोकरीचं नाव मोठं होतं, काम होतं ढवळत बसायचं. आमच्या मॅडम मूळच्या नागपूरच्या. पेन्सिलीत जे शिसं म्हणतो ना आपण, ते खरं तर ग्रॅफाइट. त्याचे थर आम्लात फुगवून सुटे करायचे आणि पाण्यात सोडायचे, हा त्यांचा उद्योग. एकेक थर म्हणजे पापुद्रा. जाडीला अणूएवढा आणि त्यामानाने लांबी-रुंदीला मैदानच. जगातला सगळ्यात पातळ पापड समजा, फक्त लाटायला पोळपाट नाही.

पाणी पातळ असलं तर हे पापुद्रे हवे तसे गिरक्या घेतात, लग्नघरी पंगत बसायच्या आधीच्या पाहुण्यांसारखे. पाणी दाट करत न्यावं तशी गिरकी घ्यायला जागा उरत नाही. मग एका क्षणी, कुणी न सांगता, सगळे एकमेकांना समांतर होतात. वाहतात पाण्यासारखे आणि रांग धरतात स्फटिकासारखी. याला लिक्विड क्रिस्टल म्हणतात. त्यातलं थोडं काचेवर ओतून पातं एकाच दिशेने ओढलं की उरलेसुरले चुकार पापुद्रेही पात्याच्या मागे वळतात. वाळल्यावर मिळते एक काळसर, चमकती पट्टी, ओढीच्या दिशेने भलतीच बळकट.

माझे वडील तेव्हा उधन्याच्या एका कारखान्यात बीम जोडायचे. मागावरचा जुना बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपला की त्याच्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्या बीमच्या धाग्याचं टोक गाठीने जोडायचं. हजारो धागे, हजारो गाठी, आणि एकही धागा शेजाऱ्याच्या रांगेत जाता कामा नये. त्यांना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बाबा, आमचे धागे आपोआप रांगेत येतात." त्यांनी बोटांची टोकं तेलाने चोळत विचारलं, "मंग तुले पगार कसाना देतस?"

रांग आपोआप येत असली तरी मोडायला माझ्यासारखा माणूस लागतो, हे मात्र मी सिद्ध करून दाखवलं.

पापुद्रे रांगेत राहतात याचं कारण प्रेम नव्हे, बरं का. प्रत्येकाच्या अंगावर थोडा विद्युतभार असतो, सगळ्यांचा एकाच जातीचा, म्हणून ते एकमेकांना हाताच्या अंतरावर ठेवतात. चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं: थोडी कुरकुर आहे म्हणून भिंती शाबूत आहेत. या पाण्यात मीठ पडलं की ती कुरकुर विरते. आणि कुरकुर विरली की पापुद्रे एकमेकांच्या गळ्यात पडतात, गुठळ्या होतात, दूध नासल्यासारखं सगळं नासतं. म्हणून आमच्याकडे मिठाची फार भीती. आणि मीठ येण्याची वाट एकच: नळ. आमच्या आवारातलं बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात शिजवलेल्या वरणाला वरून मीठ लागत नसे. त्यामुळे काचेची भांडी बोअरच्या पाण्याने धुतली तरी शेवटी तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने विसळायची, असा नियम.

हा नियम पाळायचं काम सुनंदाताईंचं. गोडादऱ्याला राहायच्या, मूळ गाव अमळनेरच्या अलीकडे कुठेतरी. कंत्राटावर लागलेल्या, पण काच धुण्यात त्यांच्या तोडीचं माणूस मी पुढे कुठे पाहिलं नाही. बरणी धुऊन झाली की खिडकीच्या उजेडात तिरकी धरायच्या. आतल्या भिंतीवरून पाण्याचा पदर अखंड उतरला तर पास. मध्येच कुठे पाणी थांबलं, थेंब-थेंब झालं, की म्हणायच्या, "पानी फाटनं." आणि बरणी परत साबणात. शेवटच्या तीन विसळण्या त्या मोठ्याने मोजायच्या, पण आकड्यांनी नाही. "राम. लक्षुमन. सीतामाय." मी एकदा थट्टेने विचारलं, "ताई, हनुमान राहिला की." तर म्हणाल्या, "त्याले बाहेर बसाडेल शे. तुम्हनावर ध्यान ठेवाले."

हनुमानाने त्या दिवशी रजा घेतली असावी.

त्याआधी आमच्या दोन बरण्या वाया गेल्या होत्या. एक मी फार जोरात ढवळली, दुसरी झाकण न लावता ठेवली. तिसरी मात्र अशी जमली की काय सांगू. तीन आठवडे खपून पाणी काढत काढत दाट केलेली, मधाच्या रंगाची चपटी बरणी. एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या दोन काळ्या काचा एकमेकींवर काटकोनात धरल्या की पलीकडचं काहीच दिसत नाही. पण मध्ये ही बरणी धरली की त्या काळोखात रेशीम उलगडायचं. सोनेरी, करडे पदर, बरणी हलवली की सावकाश वळणारे. बघायला शेजारच्या विभागातले लोक आले. शिपाई आले. जो येई तो म्हणे, "वा! केटलुं सरस!" मॅडमसुद्धा म्हणाल्या, "देखणी झाली रे." त्या बरणीतल्या ऐवजाची पट्टी ओढून दुसऱ्या दिवशी मोजमापासाठी बाहेरगावी जायची होती. वर्षभराच्या कामाचं त्यावर ठरणार होतं.

आता, आमच्या घरचा कायदा असा की चार लोकांनी ज्याला देखणं म्हटलं त्याची दृष्ट काढायची. मग ते बाळ असो, म्हैस असो, नाहीतर नवा फ्रीज. दोन बरण्या गेल्याचं ऐकून आईने त्या सकाळी माझ्या डब्यावर एक कागदाची पुडी ठेवलीच होती. मीठ, मोहरी, लाल मिरची. "हसू नको. ववाळीसन टाक," एवढंच म्हणाली. मी हसलो आणि पुडी खिशात टाकली.

दुपारी सगळे गच्चीवर पोंक खायला गेले. मॅडमनीच मागवला होता, बरणी जमल्याच्या आनंदात. मला बरणीवर झाकण लावून यायला सांगितलं होतं. मी एकटा होतो. प्रेक्षक असताना विदूषकी करणारे पुष्कळ. मी प्रेक्षक नसतानाही करतो. मिरची खिशातच राहू दिली, मीठ-मोहरी मुठीत घेतली आणि बरणीवरून हात फिरवत आईच्या आवाजात म्हणू लागलो, "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची..." मग अंगात आलं. "भौतिकशास्त्राची, रसायनशास्त्राची, बाहेरून आलेल्या परीक्षकाची..." स्वतःच्याच विनोदाला मी इतका हसलो की मूठ सैल झाली.

फार नाही पडलं. चिमूटभर. मोहरीचे दाणे पृष्ठभागावर तरंगले, ते मी चमच्याने टिपले. मोजले नाहीत. मीठ दिसलंच नाही, कारण मिठाला दिसण्याची सवय नसते. मी काचेच्या कांडीने एकदा, हलकेच, ढवळलं. मीठ पसरून जाईल, इतक्याशाने काय होतं, असं स्वतःला सांगितलं. झाकण लावलं आणि गच्चीवर जाऊन पोंक खाल्ला. चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या काचांमध्ये रेशीम नव्हतं. बरणीत गुठळ्या होत्या आणि वर पिवळट पाणी. मॅडमनी त्या पाण्यात क्षार मोजायचं यंत्र बुडवलं. आकडा वर गेला. पाण्यात मीठ आहे, हे त्या यंत्रालाही कळलं आणि मॅडमनाही. बाकी मला कळण्याचा प्रश्न नव्हता.

"सुनंदाबाई," त्यांनी विचारलं, आवाज न चढवता, "शेवटचं पाणी डिस्टिल्डचंच दिलं होतं ना?"

"तीनदा, मॅडम."

"मग मीठ आलं कुठून?"

सुनंदाताईंनी बरणी उचलून उजेडात तिरकी धरली. मला बोलायला मोकळी जागा होती, अगदी पंगतीत पानापुढे ठेवतात तशी. आणि मी बोललो. मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. एखाद्या वेळी विसरायला होतं. माणूसच आहे."

म्हणजे पाहा, मी त्यांची बाजू घेतली! त्यांच्यावर आरोप कुणी केलेला नव्हता. मी आधी माफी देऊन टाकली आणि माफीच्या मागून आरोप आपसूक आला. मॅडमनी माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं. त्या नजरेची लाज मला अजून वाटते. शिव्या खाल्ल्याचं विसरतो माणूस. फुकट मिळालेलं कौतुक मात्र अंगावर राहतं.

यावर गोष्ट संपली असती तर मी भित्रा ठरलो असतो, इतकंच. दुपारी ती नासलेली बरणी धुताना सुनंदाताईंना तळाशी एक मोहरीचा दाणा सापडला. ओल्या तळहातावर घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मॅडमकडे नाही, माझ्याकडे, कारण मी त्यांची बाजू घेतली होती.

"दादा, हाई दखा. राई." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "काल सकायले डबाकरता भाजी फोडनी दिन्ही, हात धोयेल व्हता मी. पन मनाच हातना शे व्हई हाऊ दाना. एक राईना दानाघाई येवढं व्हस का हो?"

मला ठाऊक होतं की मोहरी निर्दोष आहे. मोहरी विरघळत नाही, तिचा कशाशी संबंध नाही. एका दाण्याने काही म्हणता काही होत नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग दाणा आला कुठून? मी त्या दाण्याकडे शास्त्रज्ञासारखं वाकून पाहिलं आणि म्हणालो, "सांगता येत नाही, ताई. फार नाजूक असतं हे सगळं."

राईचा पर्वत करणं म्हणतात ते मी त्या दिवशी केलं, आणि वर तो त्यांच्या डोक्यावर ठेवला.

त्यांनी मान हलवली. पदराने हात पुसला आणि स्वतःच्या पायांनी जाऊन मॅडमना सांगितलं, की चूक माझ्या हातूनच झाली असावी. आठवड्याने त्यांना वसतिगृहाकडे हलवलं, जिने झाडायला. मॅडमना वाईट वाटलं, पण काचेच्या कामात विश्वास गेला की गेला. जाताना सुनंदाताईंनी मला बरण्यांचा ब्रश दिला. "नवा शे, कडक शे. पयले गरम पानीमा ठेव, नहीतं काचले ओरखडा पडी."

आता तो बदल. माझ्या सगळ्या फजित्या मी स्वतःच्या नावावर सांगतो, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्याच्या वरातीत जेवून आलो ते, मुलाखतीला वेगवेगळे बूट घालून गेलो ते, सगळं. ही एकच फजिती मी दुसऱ्याच्या नावावर सांगत आलो. "आमच्याकडे एक बाई होती, तिच्या फोडणीतली मोहरी बरणीत पडली आणि वर्षभराचं काम नासलं!" लोक हसायचे. मी हात फिरवून मोहरीचा दाणा दाखवायचो. वर्षागणिक गोष्ट चोपडी होत गेली. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. सांडलेल्या मिठाला जागायची काही रीत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

आता त्याच प्रयोगशाळेत मी शिकवतो. यंदा पोंकाच्या दिवसांत नव्या मुलांना भांडी विसळायचा नियम सांगताना गोष्ट आलीच. सगळे हसले. पांडेसऱ्याहून येणारी एक मुलगी तेवढी हसली नाही. तिने विचारलं, "सर, मग त्या बाईंचं काय झालं?"

आठ वर्षं मी सुनंदाताईंच्या नावावर हशा गोळा केला आणि त्या कशा आहेत हे मला माहीत नव्हतं. त्या पोरीचा प्रश्न साधाच होता, पण मी फळा पुसला. तास लवकर सोडला.

रविवारी सकाळी गोडादऱ्याला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. सुनंदाताईंचे केस पांढरे झालेत, बाकी त्या तशाच. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला, तेही नडलंच मला. "ये दादा, बठ. कितला वाळना तू!" सुनेने पोहे आणले. हिरवी मिरची होती, शेंगदाणे होते, काहीतरी कमी लागत होतं. माझी नजर ताटलीत फिरतेय हे पाहून सून हसून म्हणाली, "राई शोधताय ना? आमच्यात घालत नाय. मम्मी ना पाडतात, घालूच देत नाय. किती वरस झाले, घरात राईच नाय आणली."

मी ताटली खाली ठेवली. सून आत गेली आणि मी सगळं सांगून टाकलं. पुडी, गच्ची, मूठ, कांडी, दाणा. विनोद न करता सांगितलं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच. सुनंदाताई ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडमले सांगं?"

"नाही. त्या आता नागपूरला असतात."

"फोन नही का त्यास्ना?"

"आहे."

"मंग लाव. मी आठेच बठेल शे."

मी म्हणालो, घरी गेल्यावर लावतो, सविस्तर बोलतो. त्या म्हणाल्या, "माले काय करनं तुना सविस्तरले? माले आयकनं शे." आणि मांडी घालून माझ्यासमोर बसल्या. आठ वर्षं मॅडमच्या लेखी आपलं काम वाईट ठरलेलं होतं, तेवढं त्यांना पुसून हवं होतं. माफी वगैरे माझी मला लखलाभ.

फोन लागला. मी तब्येत विचारली. नागपूरची थंडी विचारली. संत्र्यांचा हंगाम विचारला. सुनंदाताईंनी गुडघ्यावर बोट वाजवलं. मग मी पापुद्र्यांच्या विद्युतभारावरून सुरुवात केली, तेव्हा मॅडमच मध्ये म्हणाल्या, "अरे, मुद्द्यावर ये बाप्पा."

"मॅडम, त्या बरणीत मीठ माझ्यामुळे पडलं होतं. सुनंदाताईंची काच स्वच्छ होती."

"मीठ? तू काहून टाकलं मीठ?"

"टाकलं नाही, सांडलं. दृष्ट काढताना."

"कोणाची दृष्ट?"

"बरणीची."

मग मॅडम म्हणाल्या, "सुनंदाबाई तिथे आहेत का? त्यांना फोन दे."

सुनंदाताईंनी पदर सावरला, फोन दोन्ही हातांनी धरला आणि ठेवणीतली शहरी मराठी काढली. "हां मॅडम... बरी आहे. नातू झाला... नाही हो, तुम्ही कशाला माफी मागता? तुम्हाला काय ठाऊक... हां. तीनदाच दिलं होतं, मॅडम. तीनदाच." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा फाटला. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, तशी त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"हो, समोरच बसलाय," त्या म्हणाल्या. "नाही मॅडम, रडत नाही. त्याचं तोंडच तसं आहे."